पडद्यावरचा धूर आणि वऱ्हाडातील किशोर

अमरावतीच्या राजकमल आणि चित्रा या चौकांना चित्रपटगृहांची नावे चिकटली आहेत. मध्यप्रांत-वऱ्हाड या चित्रपट-वितरणक्षेत्राचे अमरावती हे दीर्घकाळ एक प्रमुख केंद्र होते. मुंबईची रिळे येथून गावोगावच्या टॉकीजकडे जात. त्या रिळांबरोबर वऱ्हाडात गाणी आली, पोशाख आले, केशरचना आल्या आणि नायकाच्या ओठांवरचा धूरही आला.

१९६१ च्या ‘हम दोनों’मध्ये देव आनंदच्या हातातील लायटरच सुरावट वाजवू लागला, आणि सिगारेट व बेफिकिरी ही जोडी प्रेक्षकांच्या मनात ठसली. पुढे मराठी कुटुंबात जन्मलेल्या रजनीकांत यांनी सिगारेट हवेत उडवून ओठांत झेलण्याची लकब लोकप्रिय केली. १९७५ च्या कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापणे बंधनकारक झाले होते. पडदा मात्र मोकळाच राहिला.

याचा परिणाम काय झाला? अमेरिकेतील १० ते १४ वर्षांच्या २,६०३ मुलांचा अभ्यास २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पडद्यावरचे धूम्रपान सर्वाधिक पाहणाऱ्या मुलांत सिगारेट ओढून पाहण्याची शक्यता, ते सर्वांत कमी पाहणाऱ्यांच्या सुमारे पावणेतीन पट आढळली. २०१२ मध्ये दिल्लीतील ३,९५६ विद्यार्थ्यांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही असे प्रसंग अधिक पाहणाऱ्यांनी तंबाखू चाखून पाहण्याची शक्यता दुपटीहून अधिक निघाली.

येथे कोणी आक्षेप घेईल की वऱ्हाडात सिगारेट ओढतो कोण? आक्षेप रास्त आहे. २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांत धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू सेवन करणारे २४.४ टक्के होते. परंतु दिल्लीच्या अभ्यासाने केवळ सिगारेट नव्हे, तंबाखूच मोजला होता. किशोर पडद्यावरून उचलतो तो ऐटीचा अर्थ. वस्तू मात्र पानठेल्यावर जी मिळेल ती घेतो. अकोल्यात वा अमरावतीत ती वस्तू बहुधा खर्र्याची पुडी असते.

शासनाने उपाय केले नाहीत असे नव्हे. २००५ मध्ये चित्रपटांतील धूम्रपानाच्या दृश्यांवर बंदीचा नियम निघाला. जानेवारी २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. २ ऑक्टोबर २०१२ पासून बंदीऐवजी प्रारंभी व मध्यंतरानंतर इशाऱ्याची चित्रफीत आणि धुराच्या दृश्याखाली ओळ दाखवणे सक्तीचे झाले. १ सप्टेंबर २०२३ पासून हेच बंधन ओटीटी मंचांनाही लागू झाले. आता पडदा मुलाच्या तळहातावर आहे आणि शेजारी वडीलधारे कोणी नाही. खालची ओळ उपदेश करते. वरचा नायक मोह घालतो. या दोहोंत मुलाचे डोळे कोठे खिळतील, हे सांगावयास नको.

व्यसनाविरुद्ध बोलण्याची एक रीत वऱ्हाडाने पूर्वीच पाहिली आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा (१८७६-१९५६) कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. १९७७ च्या ‘देवकीनंदन गोपाला’ने त्यांनाही पडद्यावर आणले. म्हणजे पडदा मुळात वैरी नव्हे. चित्रपट संपल्यावर घरी वा शाळेत आपण मुलांना एवढेच विचारावे: नायक शूर होता तो सिगारेटमुळे की सिगारेट असूनही? ती सिगारेट त्याच्या हाती कोणी दिली आणि लाभ कोणाचा झाला? उत्तर आपण देऊ नये. ते मुलाचे स्वतःचे असले, तरच पानठेल्यापुढे टिकेल, असे आम्हांस वाटते.