शहीद रुग्णालय, दल्ली राजहरा : संघटनसंस्कृती आणि नेतृत्व

छत्तीसगढमधील दल्ली राजहरा येथे (बालोद जिल्हा) खाणकामगारांनी ३ जून १९८३ रोजी सुरू केलेले, ना-नफा तत्त्वावर चालणारे रुग्णालय. येथील लोहखनिज भिलाई पोलाद कारखान्याला जाते; परंतु भिलाईच्या सेक्टर ६ सारख्या आखीव वसाहतींत कायम कामगारांना घरे व औषधोपचार मिळत असताना, तेच खनिज हाताने फोडणारे कंत्राटी मजूर या सोयींच्या परिघाबाहेरच राहिले. १९७७ मध्ये त्यांनी छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन केला आणि त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या गोळीबारात बळी पडलेल्या कामगारांच्या स्मरणार्थ रुग्णालयाला हे नाव मिळाले. संघटनेच्या उपाध्यक्षा कुसुमबाई यांचा बाळंतपणात उपचारांअभावी झालेला मृत्यू या उपक्रमामागची तातडीची प्रेरणा होती.

संघटनसंस्कृती, म्हणजे संस्थेत रूढ झालेली मूल्ये व कामाच्या रीती, येथे ‘संघर्ष आणि निर्माण’ या सूत्रातून घडली. संघटनेचे नेते शंकर गुहा नियोगी यांचे नेतृत्व प्रभावी होते. तरी इमारत कामगारांच्या वर्गणीतून व श्रमदानातून उभी राहिली, आणि बिनायक सेन, शैबाल जाना आदी डॉक्टरांबरोबर कामगारच प्रशिक्षण घेऊन आरोग्यसेवक झाले, ही बाब अधिक निर्णायक मानावी लागते. दारूबंदीची मोहीमही ‘संघर्ष आणि निर्माण’ या सूत्राचाच भाग होती. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत नियोगींची हत्या झाली. रुग्णालय मात्र त्यानंतरही चालू राहिले.