हजेरीच्या दाखल्याची अट

इ. स. १८३६ च्या सनदेनें स्थापन झालेलें लंडन विद्यापीठ स्वतः शिकवीत नसे. परीक्षा घेऊन पदव्या देई. परंतु उमेदवारास मान्य कॉलेजाचा दाखला आणावा लागे. दिवसभर कचेरींत राबणाऱ्या कारकुनानें तो आणावा कोठून? १८५८ च्या सनदेनें, वैद्यकी वगळतां, ही अट काढली; परीक्षेची कसोटी मात्र सर्वांस एकच राहिली.

मुंबई विद्यापीठाचा कायदा १८५७ चा, लंडनच्याच धर्तीवर बेतलेला. त्यांत दाखल्यावांचून बी. ए. च्या परीक्षेस बसतां येत नसे. सेनेटनें विशेष आज्ञा केल्यास गोष्ट निराळी. लंडनांत वर्षभरांत जी अट गेली ती येथें कायद्यांत बसली. आमच्या मतें येथील नोकरदार विद्यार्थ्यांस हें एक वर्ष फार महाग पडलें. अशा विशेष आज्ञेसाठीं केलेले अर्ज जुन्या दप्तरांत कोणास आढळल्यास त्यांनीं ते जपून ठेवावे.