अंगणातले अंडे, परमुलखातला टोमॅटो

मुळशी धरणाच्या काठी सुट्टीच्या सकाळी न्याहारीला काय असते? पोहे असतातच, पण गरम पावाबरोबर कांदा-टोमॅटोत परतलेली अंड्याची भुर्जीही बहुधा ठरलेली. करायला दहा मिनिटे पुरतात. तिच्यातील दोन मुख्य जिन्नस एका कढईत यायला मात्र काही शतके जावी लागली. आजच्या धाग्यात त्या दोघांचा इतिहास पाहू. या जोडीत घरचा कोण आणि पाहुणा कोण, याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघराने नेमके उलटे दिले आहे.

आधी अंडे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे आग्नेय आशिया व उत्तर भारतातील तांबडा रानकोंबडा. पण वंशावळ तेवढ्यावर संपत नाही. ताम्हिणी-मुळशीच्या रानात पहाटे ज्याची बांग ऐकू येते तो राखी रानकोंबडा हा दक्षिण व पश्चिम भारताचा रहिवासी. २००८ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनात असे दिसले की, जगभरच्या पाळीव कोंबड्यांच्या पायांचा व कातडीचा पिवळा रंग ज्या जनुकामुळे येतो, ते जनुक या राखी रानकोंबड्याकडून आलेले आहे. म्हणजे युरोप-अमेरिकेतील पिवळ्या पायांची कोंबडीसुद्धा आपल्या सह्याद्रीतील पाखराची दूरची नातलग ठरते.

आता टोमॅटो. याचे मूळ दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात; शेतीत तो रुळला मेक्सिकोत, आणि त्याचे नावही तेथील नाहुआत्ल भाषेतील ‘तोमात्ल’ या शब्दावरून आले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. पुढे युरोपीयांबरोबर तो भारतात आला, पण त्याला येथे मुळीच घाई झाली नाही. त्याच अमेरिकेतून आलेली मिरची पाहता पाहता घराघरांत शिरली. टोमॅटो दाराशी ताटकळत राहिला.

याचे कारण सोपे असावे. मिरचीपूर्वी तिखटासाठी आपल्याकडे मिरी, पिंपळी, आले एवढेच होते. मिरची स्वस्त आणि परसात उगवणारी. आंबटपणाची मात्र आपल्याला ददात नव्हती. देशावर चिंच होती, घाटाखालून आमसूल येत होते, शिवाय ताक, कैरी, लिंबू. मग या लाल फळाने येऊन करायचे काय? त्याला स्वतःचे नावही धड मिळाले नाही. वांग्याच्या कुळातला म्हणून कोणी वेलवांगे म्हटले, विदर्भात भेदरे म्हटले. (वांग्याशी जोडलेले नाते शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर आहे, हे लक्षात घ्यावे.) अनेक सोवळ्याच्या घरांत तर त्याचा रंग मांसासारखा म्हणून तो वर्ज्य होता.

विसाव्या शतकात हे सारे पालटले. टोमॅटो कोशिंबिरीत गेला, आमटीत गेला, साराच्या रूपाने थेट पंगतीत बसला. आज पुणे जिल्ह्यातीलच नारायणगावची टोमॅटोची बाजारपेठ देशभर नावाजलेली आहे. आणि अंडे? ज्या घरांत ते खाल्ले जाई त्यांतीलही कित्येकांत त्याला स्वयंपाकघरात प्रवेश नव्हता. वेगळा स्टोव्ह, वेगळा तवा, गॅलरीचा कोपरा. नाहीतर सरळ इराण्याचे हॉटेल. १९३५ साली डेक्कनवर सुरू झालेल्या ‘गुडलक’सारख्या ठिकाणी आम्लेट खाऊन, तोंड पुसून घरी परतणारे पुणेकर ही केवळ विनोदी कथांतील पात्रे नव्हेत.

या सगळ्याचा सर्वांत बोलका पुरावा आपल्या ताटातच आहे : टोमॅटो आम्लेट. डाळीचे पीठ, थोडे तांदळाचे पीठ, बारीक चिरलेला टोमॅटो, कांदा, मिरची, ओवा. अंडे नाही! एका शाकाहारी धिरड्याला आपण फ्रेंच अंड्याच्या पदार्थाचे नाव दिले, त्यातून अंडे वगळले आणि त्याच्या जागी अमेरिकेतील फळ बसवले. परमुलखातला उंबरा ओलांडून आत आला, नाव विलायती चालले, अंगणातला मात्र बाहेरच राहिला. मला तरी हा आपल्या खाद्येतिहासातील फार मोठा विनोद वाटतो.

विनोद म्हणायचा, पण सगळ्यांसाठी नाही. आता मुळशीकडे परत येऊ. १९२१ साली टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध येथील मावळ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. बापटांना तुरुंगवास झाला, चळवळ मोडली, धरण झाले आणि १९२७पासून भिऱ्याच्या केंद्रातून मुंबईला वीज जाऊ लागली. खोऱ्यातील भाताची उत्तम जमीन पाण्याखाली गेली. डोंगरउतारावर उरली नाचणी, वरई. अशा घरात कोंबडीचे मोल वेगळे असते. तिला सातबारा लागत नाही, पाट लागत नाही. उकिरड्यावर तिचे पोट भरते. पण गावरान कोंबडी वर्षाला जेमतेम साठ-सत्तर अंडी देते. त्यांतील काही खुडूक कोंबडीखाली उबवायला, बरीचशी बाजाराला. मिठामिरचीपुरता तो पैसा घरच्या बाईच्या हाती येई. ज्यांच्या धर्मात अंडे बसत होते, त्यांच्या खिशात ते बसत नव्हते.

पिंजऱ्यातील पांढऱ्या लेगहॉर्न कोंबडीने हे गणित बदलले. ती वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. व्यापारी पाडून मागत तो भाव नाकारून उत्पादकांनी अंड्याचा दर स्वतः जाहीर करायला सुरुवात केली. दूरदर्शनवरच्या तिच्या जाहिराती अजून अनेकांना पाठ असतील. अंडे स्वस्त झाले, आणि हातगाडीवरची भुर्जी गावोगाव पोहोचली.

ती करताना एक पथ्य पाळावे. कांदा गुलाबी झाल्यावर हिरवी मिरची, हळद आणि टोमॅटो घालून कडेने तेल सुटेपर्यंत परतावे. अंडी त्यानंतरच फोडावीत. घाई केली तर टोमॅटोचे पाणी अंड्यात उतरते आणि भुर्जीचे कालवण होते. पारशांच्या आकुरीत अंडे मुद्दाम ओलसर ठेवतात, आपल्या भुर्जीत ते मोकळे होईपर्यंत हलवतात. इजिप्तच्या पश्चिमेकडील उत्तर आफ्रिकेत टोमॅटोच्या दाट रश्शात अंडी अख्खी सोडतात, त्याला शकशुका म्हणतात. टोमॅटो तिथेही अमेरिकेतूनच आलेला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरवले. न खाणाऱ्यांना केळे. काही संघटनांनी विरोध केला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा निधी थांबला, आणि द्यायचेच असेल तर शाळेने ते लोकसहभागातून द्यावे असे ठरले. मुळशीच्या वाड्यावस्त्यांवरील शाळेत ही वर्गणी ज्या पालकांकडे मागायची, त्यांच्यापैकी अनेकांच्या अंगणात आजही कोंबडी आहे. तिची अंडी अजूनही बाजारालाच जातात.