मोटारीची टाकी आणि मक्याचें कणीस



पेट्रोलऐवजीं मद्यार्कावर मोटार चालेल काय, हा प्रश्न आज नवा वाटतो. परंतु तो आपल्या वाडवडिलांनाही पडला होता. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें. रत्नागिरीस तेव्हां आगगाडी नव्हती. कोकण रेल्वे पूर्ण होण्यास १९९८ साल उजाडावें लागलें. घाटावर जावयाचें तें मोटारीनेंच. पेट्रोल मिळेना, तेव्हां देशांत ठिकठिकाणीं मोटारींना भट्ट्या जोडून त्या लोणारी कोळशाच्या वायूवर चालविण्यांत आल्या. परक्या तेलावर विसंबणें किती जड जातें, हें त्या पिढीनें प्रत्यक्ष अनुभवलें.

त्यानंतर १९४८ सालीं मद्यार्काचें इंधन वाढविण्यासाठीं हिंदुस्थानांत स्वतंत्र कायदा झाला. साखर काढून घेतल्यावर जी चिकट मळी उरते, ती आंबवून व ऊर्ध्वपातन करून मद्यार्क मिळतो. त्यांतील पाणी अगदीं काढून टाकलें म्हणजे तो पेट्रोलमध्यें मिसळतां येतो. पुढें पेट्रोल सुलभ झालें, मळीचा मद्यार्क रसायनांकडे व दारूकडे वळला आणि कायदा विस्मरणांत गेला. २००० सालीं तो रद्द झाला. योगायोग असा कीं, लगेच २००१ सालीं मिश्रणाचे प्रयोग सुरू झाले आणि त्यांतील दोन ठिकाणें आपल्या महाराष्ट्रांतील होतीं : मिरज आणि मनमाड. २००३ पासून नऊ राज्यांत शेंकडा ५ मद्यार्क मिसळूं लागले. २०२२ सालीं देशभर हें प्रमाण शेंकडा १० झालें आणि २०२५ सालीं २० पर्यंत पोंचलें.

यंत्राच्या दृष्टीनें पाहतां या प्रश्नाचें उत्तर केव्हांच मिळालें आहे. ब्राझील देशानें १९७५ पासून उसाच्या मद्यार्कावर मोटारी चालवून दाखविल्या. उणीव एवढीच कीं, लिटरास लिटर तोलला तर मद्यार्कांत पेट्रोलच्या सुमारें दोनतृतीयांश इतकीच उष्णता असते. खरी अडचण यंत्रांत नाहीं. ती शेतांत आहे.

आपण साधा हिशेब मांडूं. एक टन मक्यापासून सुमारें ३८० लिटर मद्यार्क निघतो. मोटारीची टाकी ३५ लिटरची धरा. शेंकडा २० मिश्रणासाठीं ७ लिटर मद्यार्क लागेल. तो सारा मक्याचा धरला तर १८ किलो मका झाला. परंतु पेट्रोल अजिबात वर्ज्य करून तेवढेंच अंतर कापावयाचें, तर सुमारें ५२ लिटर मद्यार्क, म्हणजे जवळजवळ १३८ किलो मका हवा. एका माणसास रोज ४०० ग्रॅम धान्य लागतें असें मानल्यास हें त्याचें साडेअकरा महिन्यांचें अन्न होय. आणि मोटारीनें तें एका टाकींत संपविलें! उरलेला चोथा गुरांना व कोंबड्यांना उपयोगी पडतो, हें खरें; तरी पिठाचा भाग जळून गेलेलाच असतो.

ही भीति निव्वळ कागदी नाहीं. २०२३ सालीं पावसानें दगा दिला, तेव्हां डिसेंबरांत सरकारला उसाच्या रसापासून मद्यार्क करण्यावर निर्बंध घालावा लागला. तो पुढें उठला. दरम्यान मक्याची मागणी वाढली, कोंबड्यांचें खाद्य महागलें आणि मका निर्यात करणाऱ्या आपल्या देशास २०२४ सालीं तो बाहेरून आणावा लागला. ऊस घ्यावा तर पाणी आडवें येतें : नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार उसाच्या एक लिटर मद्यार्कामागें सुमारें २,८६० लिटर पाणी खर्च होतें. चैत्र-वैशाखांत हंडाभर पाण्यासाठीं वणवण करणाऱ्या कोकणी बाईस या आंकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाहीं.

म्हणून इतिहासाचा निवाडा मला असा दिसतो : मळी, सडकें धान्य, शेतांतील काडीकचरा, आमच्या बागांत कुजणारीं काजूचीं बोंडें, अशा उरल्यासुरल्यांतून निघणारा मद्यार्क हा पेट्रोलचा चांगला मदतनीस आहे. त्याला पेट्रोलच्या गादीवर बसवूं गेल्यास मात्र त्याचें भाडें आपल्या ताटांतून भरावें लागेल. टाकी भरतांना भाकरीचा भाव विचारण्याची संवय आतां सुशिक्षितांनीं लावून घेतली पाहिजे.