कडू बीं आणि गोड पान

कोको आणि स्टीव्हिया या दोन्ही वनस्पती मूळच्या दक्षिण अमेरिकेंतील. एकीचें बीं कडू, दुसरीचें पान गोड. परंतु त्या कोणाच्या हातीं गेल्या, याचा उलगडा आम्हांस त्यांच्या लागवडीच्या रीतींतच होतो.

कोकोचें बीं फळांतून काढल्यावर थोड्याच दिवसांत उगवण्याची शक्ति गमावतें. कोवळें रोप कडक ऊन सोसत नाहीं. त्यास केळीसारख्यांची सावली द्यावी लागते, आणि फळ हातीं येण्यास चार-पांच वर्षें जातात. असें नाजूक बीं 1879 सालीं फर्नांदो पो बेटावरून गोल्ड कोस्टमध्यें, म्हणजे आजच्या घानांत, आणण्याचा मान टेट्टे क्वार्शी या लोहारास दिला जातो. (मिशनऱ्यांनीं तत्पूर्वींहि प्रयत्न केले होते, पण ते फळले नाहींत.) लहान शेतकऱ्यांनीं हें पीक उचलून धरलें, आणि 1911 पर्यंत तो देश कोकोच्या उत्पादनांत जगांत पहिला झाला. सांव टोमे बेटावर मात्र हेंच पीक सक्तीच्या मजुरांकडून काढण्यांत येत होतें!

स्टीव्हिया हें लहानसें झुडूप. तिचें बीं बेभरंवशाचें, म्हणून फांदीचे तुकडे लावतात. फुलण्यापूर्वीं पान तोडल्यास गोडी अधिक, आणि पहिली तोडणी कांहीं महिन्यांतच होते. पॅराग्वेंतील ग्वारानी लोक पूर्वापार हीं पानें माटे नांवाच्या कडवट पेयांत घालीत. 1899 सालीं मोईसेस बेर्तोनी यांनीं तिचें शास्त्रीय वर्णन केलें, आणि नांवांत रेबाउदी या रसायनज्ञाचें नांव गुंफलें. घानाचा लोहार निदान नांवानें ओळखला जातो. हें पान प्रथम चाखणारा ग्वारानी कोण, हें कोणींच लिहून ठेविलें नाहीं. त्याचे लोक तिला ‘काआ हे-ए’, म्हणजे गोड वनस्पती, म्हणतात.