बोरघाटातील कॅच सायडिंग : रेल्वे सुरक्षेचा एक ऐतिहासिक विचार

रेल्वेच्या इतिहासलेखनात बोगदे, पूल व इंजिने यांना जे स्थान मिळाले, ते सुटलेली गाडी अडविणाऱ्या साधनांना मिळालेले नाही. प्रस्तुत लेखात बोरघाटाच्या आधारे या साधनांमागील विचार तपासला आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा बोरघाट मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. सुमारे १५ मैलांत १८३१ फूट चढणाऱ्या या मार्गाचा चढ काही ठिकाणी ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र होता. सर्व डब्यांना एकाच वेळी लागणारा स्वयंचलित ब्रेक तेव्हा प्रचारात नव्हता. घाटात गाडीची दिशा बदलणारे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होते. मार्ग तेथेच संपत असल्याने तेथे थांबणे अपरिहार्य होते. १८६९ मध्ये घाट उतरणारी एक गाडी तेथे थांबू शकली नाही व भीषण अपघात झाला. उतारावरील सर्व सुरक्षा केवळ ब्रेकवर सोपविण्यातील धोका या घटनेने स्पष्ट केला.

कॅच सायडिंगची रचना याउलट आहे. मुख्य मार्गातून फुटणारा हा फाटा चढावर नेलेला असतो. सुटलेल्या गाडीचा वेग चढामुळे व रुळांवरील वाळूमुळे जिरतो. सांधे एरवी फाट्याकडेच लावलेले असतात. उतरणारी गाडी प्रथम थांबते, ती ताब्यात असल्याचे सिद्ध होते आणि मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. भारतीय रेल्वेत स्थानकाकडे येणारा उतार ८० फुटांस १ फुटाहून तीव्र असल्यास कॅच सायडिंग योजतात. स्थानकातून निसटलेल्या वाघिणी पुढील मार्गावर जाऊ नयेत म्हणून योजतात ती स्लिप सायडिंग होय.

१९२९ मध्ये नव्या मार्गामुळे रिव्हर्सिंग स्टेशन कालबाह्य झाले. विजेची इंजिने आली, ब्रेक सुधारले. तरीही घाटात कॅच सायडिंग टिकून राहिली. तिची किंमत प्रत्येक निर्दोष गाडी थांब्याच्या वेळेने मोजते. शिवाय सुटलेल्या गाडीतील माणसे ती पूर्णतः सुरक्षित करीत नाही. खालच्या स्थानकातील माणसांना मात्र वाचविते.

सारांश, यंत्र व माणूस दोन्ही चुकू शकतात हे गृहीत धरून, ती चूक कोठे थांबावी हे आधीच ठरविणे, हाच या साधनाचा ऐतिहासिक अर्थ होय. तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोधांइतकीच अशा पूर्वदक्षतेचीही नोंद होणे आवश्यक आहे.