स्टायलिश हॅचबॅक रोज वापरताना : शोरूममध्ये न कळणाऱ्या गोष्टी

गाडी घ्यायची म्हटलं की आपण आधी फोनवर रिव्ह्यू बघतो. मीही तेच केलं. टचस्क्रीन, अलॉय व्हील्स, सनरूफ सगळं पाठ झालं होतं. पण रोज ऑफिसला, महिन्यातून एकदा आई-बाबांना घेऊन पुण्याहून साताऱ्याकडे गावी, असं दोन वर्षं चालवल्यावर बाकीचं कळलं. माझी गाडी कोणती ते इथे महत्त्वाचं नाही, कारण यातल्या बहुतेक गोष्टी या वर्गातल्या सगळ्याच गाड्यांना कमी-जास्त लागू होतात.

प्रीमियम हॅचबॅक म्हणजे काय?

ज्या गाडीला वेगळी डिकी नसते आणि मागचा दरवाजा काचेसकट वर उघडतो, ती हॅचबॅक. त्यातल्या मोठ्या आणि जास्त फीचर्सवाल्या गाड्यांना आपल्याकडे प्रीमियम हॅचबॅक म्हणतात. मारुती बलेनो, टाटा अल्ट्रोझ, ह्युंदाई आय२० ही ओळखीची नावं. बलेनो आणि अल्ट्रोझ ३९९० मिमी लांब, आय२० ३९९५ मिमी. तिन्ही चार मीटरच्या जरा आत, हा योगायोग नाही. ४००० मिमीपर्यंत लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर कर कमी लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. आधी तो २८ टक्के आणि वर सेस होता.

म्हणजे लांबी ठरलेली. मग स्टाइल आणायची कुठून? उतरतं छत, मागे चढत जाणारी खिडकीची रेघ आणि मोठी चाकं. याची किंमत आपण रोज मोजतो.

मागची काच लहान, खांब जाड

बाहेरून स्पोर्टी दिसणारी गाडी आतून मागे बघायला अवघड असते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी रिव्हर्स घेत होतो. भिंत जवळ असल्यामुळे सेन्सर रोजच वाजायचा, म्हणून त्याच्याकडे लक्ष देणं मी सोडलं होतं. पावसाने कॅमेऱ्यावर चिखल उडालेला. तेवढ्यात आई ओरडली, "अरे थांब, पोर आहे मागं!" शेजारची तीन वर्षांची मुलगी चेंडू घ्यायला आली होती. काही झालं नाही, पण हात थरथरत होते.

१ जुलै २०१९ नंतर बनलेल्या कारमध्ये रिव्हर्स सेन्सर सक्तीचा आहे. पण तो फक्त "काहीतरी आहे" एवढंच सांगतो, ते भिंत आहे की माणूस, हे नाही. तेव्हापासून माझा नियम: गाडीत बसण्याआधी मागून एक चक्कर आणि कॅमेऱ्यावर बोट फिरवून पुसणं. दहा सेकंद लागतात.

मोठी अलॉय व्हील्स आणि खड्डे

टॉप मॉडेलला बहुतेक १९५/५५ आर १६ टायर असतो. यातला १९५ म्हणजे टायरची रुंदी मिमीमध्ये आणि ५५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, साधारण १०७ मिमी. खालच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ असेल तर हीच उंची १२० मिमी होते. चाक बाहेरून जवळपास तेवढंच, पण खड्ड्याचा दणका सोसणारं रबर १३ मिमी जास्त. पावसाळ्यात एका खड्ड्यात माझ्या टायरला बाजूने फुगा आला. असा टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी टायर थंड असताना हवा तपासा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

आई-बाबा आणि पोतं

बाबांचे गुडघे दुखतात. त्यांच्या भाषेत, या गाडीत बसणं म्हणजे विहिरीत उतरणं. सीट खाली, छत उतरतं, त्यामुळे मान आणि गुडघे दोन्ही वाकवावे लागतात. अल्ट्रोझचे दरवाजे ९० अंशांपर्यंत उघडतात, अशा गोष्टीचा वयस्कर माणसांना खरा फायदा होतो.

डिकी लिटरमध्ये मोठी वाटते: अल्ट्रोझ ३४५, बलेनो ३१८. पण डिकीचा काठ उंच असेल तर गावाहून आणलेलं ज्वारीचं पोतं आधी कमरेपर्यंत उचलावं लागतं. सीएनजी घेणार असाल तर जागा आणखी कमी होते. अल्ट्रोझमध्ये ती २१० लिटर उरते.

फोन आणि गाडी

वायरलेस अँड्रॉइड ऑटो आधी ब्लूटूथवर जुळतं, मग बहुतेक डेटा वाय-फायवरून जातो. मॅप, वाय-फाय आणि वायरलेस चार्जिंग एकत्र चाललं की उन्हाळ्यात फोन तापतो आणि चार्जिंग मंदावतं. लांबच्या प्रवासाला मी चांगली केबल लावतो. घाटात रेंज जाते, म्हणून मॅप आधीच ऑफलाइन डाउनलोड करा.

मायलेज स्क्रीनवर नका बघू. टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्य करा, पुढच्या वेळी पुन्हा फुल करा. ४१२ किमी चालली आणि २७.४ लिटर पेट्रोल बसलं, तर मायलेज १५.

घेण्याआधी हे करा

- घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला मागच्या सीटवर बसवून बघा.
- कॅमेरा बंद आहे असं समजून, मागे वळून रिव्हर्स घ्या.
- टेस्ट ड्राइव्ह चार जणांना बसवून, स्पीडब्रेकर असलेल्या रस्त्यावर करा.
- स्टेपनी बाकीच्या चाकांच्या मापाची आहे का, विचारा.
- आपला फोन जोडून दहा मिनिटं मॅप चालवा.

मी गाडी विकणार आहे का? नाही. आजही पार्किंगमधून निघताना एकदा वळून बघतो, आवडतेच. फक्त आता आधी गाडीच्या मागे बघतो.